लहान मुलांच्या विज्ञान-प्रतिकृतींसाठी साहित्य कसे निवडावे

विज्ञानाची प्रतिकृती करायची ठरली की पहिला प्रश्न बहुधा 'साहित्य काय आणायचे' हाच निघतो, आणि हाताशी जे असेल ते घेऊन कामाला सुरुवात होते. माझ्या मते त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: तयार झाल्यावर या प्रतिकृतीने काय करून दाखवायचे आहे? ती मधोमध कापून आतले थर दाखवायचे आहेत, ती पाण्यावर तरंगायला हवी आहे, तिच्यातून वीज वाहायला हवी आहे, की ती महिनाभर न तडकता कपाटावर उभी राहायला हवी आहे? या प्रत्येक कामाला वेगळा पदार्थ लागतो. पदार्थ चुकला तर मुलाने कितीही मन लावून काम केले तरी प्रयोग फसतो, आणि आपल्यालाच काही जमत नाही असा समज ते मूल करून घेते.

ही गोष्ट फक्त लहान मुलांपुरती नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन केन्ड्र्यू यांनी १९५७ साली मायोग्लोबिन या प्रथिनाची पहिली त्रिमितीय प्रतिकृती चक्क प्लॅस्टिसिनची, म्हणजे न वाळणाऱ्या मऊ क्लेची, केली होती आणि ती लाकडी खुंट्यांवर उभी केली होती. क्ष-किरणांवरून मिळालेले चित्र त्या वेळी धूसर होते, एकेक अणू वेगळा दिसत नव्हता, त्यामुळे आतड्यासारखी वळलेली मऊ नळी एवढेच प्रामाणिकपणे दाखवता येत होते. पुढे बारीक तपशील मिळाल्यावर त्याच रेणूची प्रतिकृती पातळ सळयांची झाली. जेवढे दाखवायचे आहे तेवढेच दाखवणारा पदार्थ निवडणे हा त्या कामाचा भाग होता, आणि १९६२ साली केन्ड्र्यू यांना मॅक्स पेरुट्झ यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

न वाळणारी तेलकट क्ले

दुकानात 'मॉडेलिंग क्ले' म्हणून रंगीत कांड्या मिळतात, त्या बहुतेक या प्रकारच्या असतात. १८९७ साली इंग्लंडमधील बाथ येथील कलाशिक्षक विल्यम हार्बट यांनी विद्यार्थ्यांसाठी न वाळणारी माती म्हणून प्लॅस्टिसिन तयार केले. त्यात खडूसारखी कॅल्शियमची भुकटी, पेट्रोलियम जेली आणि मेदाम्ले असतात. पाणी नसल्यामुळे ही क्ले वाळत नाही, आकसत नाही, तडकत नाही आणि पाण्यात विरघळतही नाही. याच गुणांमुळे मी तिला विज्ञानाच्या कामात सर्वांत वरचे स्थान देते.

तरंगण्या-बुडण्याचा प्रयोग घ्या. या क्लेचा पन्नास ग्रॅमचा गोळा पाण्यात टाकला की तळाला जातो, आणि तोच गोळा पातळ लाटून वाटीसारख्या होडीत वळवला की तरंगतो. वजन तेच, पदार्थ तोच, बदलला तो फक्त आकार आणि त्यामुळे बाजूला सारलेले पाणी. मग होडीत एकेक गोटी टाकत ती कधी बुडते ते मोजायचे, होडी पुन्हा मोडायची आणि काठ उंच करून पाहायचे. हा प्रयोग मिठाच्या कणकेने करायला गेलात तर पाच मिनिटांत पाणी गढूळ होईल आणि होडीचा लगदा होईल. नैसर्गिक मातीचेही तेच.

थर दाखवायचे असतील तेव्हाही हीच क्ले घ्यावी, कारण तिचे रंग मळल्याशिवाय एकमेकांत मिसळत नाहीत. वेगवेगळ्या रंगांच्या चार पट्ट्या एकावर एक ठेवून दोन्ही बाजूंनी हळूहळू दाबल्या की त्या वर उचलल्या जातात आणि वलीपर्वत कसे तयार होतात ते मुलाच्या हातालाच कळते.

पृथ्वीच्या अंतरंगाची प्रतिकृती तर जवळपास प्रत्येक मूल कधी ना कधी करते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. बहुतेक प्रतिकृतींत चारही थर साधारण सारख्या जाडीचे असतात आणि मुलाच्या मनात तेच चित्र कायमचे बसते. त्याऐवजी १ मिलिमीटर म्हणजे २०० किलोमीटर असे प्रमाण धरावे. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे, म्हणजे गोळ्याचा व्यास ६४ मिलिमीटर होतो आणि तो लहान हातात नीट मावतो. आतील गाभ्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर, म्हणून त्याचा गोळा १२ मिलिमीटर व्यासाचा करावा. बाह्य गाभा चढवल्यावर व्यास ३५ मिलिमीटर व्हावा आणि उरलेले सगळे प्रावरण. मोजपट्टी धरणे मुलाला अवघड जात असेल तर क्ले वजन करून द्यावी: एकूण २५० ग्रॅमपैकी आतील गाभ्याला जेमतेम २ ग्रॅम, बाह्य गाभ्याला ३९ ग्रॅम आणि प्रावरणाला २०९ ग्रॅम. हे तीन ढीग शेजारी शेजारी ठेवले की मूल थबकते. चिमूटभर दिसणारा तो पहिला ढीग खरोखरच पृथ्वीच्या केंद्राचा वाटा आहे, हे त्याला पटवून सांगावे लागत नाही.

आता भूकवच. खंडांखालचे कवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे, म्हणजे या गोळ्यावर ते ०.२ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. एवढी पातळ क्ले कोणालाच लाटता येणार नाही. म्हणून कवचासाठी क्ले घेऊच नये, टिश्यू पेपरचे निळे-हिरवे तुकडे वरून दाबून बसवावेत. आपण ज्यावर उभे आहोत तो थर कागदाएवढा आहे हे कळण्यासाठी खरोखरचा कागदच वापरणे मला सर्वांत योग्य वाटते. गोळा कापताना सुरी वापरू नये, कारण ती मऊ क्ले ओढते आणि रंग फासते. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा आणि ताणून धरलेल्या मजबूत दोऱ्याने कापावा, म्हणजे कड स्वच्छ येते.

या क्लेचे दोष दोन आहेत. तिचे तेल कागदात आणि पुठ्ठ्यात उतरते, त्यामुळे खाली प्लॅस्टिकचा तुकडा किंवा टाइल ठेवावी. शिवाय उष्ण खोलीत ती मऊ पडते आणि उभे उंच आकार वाकतात, म्हणून महिनाभर उभ्या राहणाऱ्या प्रतिकृतीसाठी तिच्यावर विसंबू नये.

घरी मळलेली मिठाची कणीक

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि लागेल तसे सुमारे एक वाटी पाणी एवढ्यात ही कणीक होते. पाणी थोडे थोडे घालावे आणि हाताला चिकटेनाशी होईपर्यंत आठ-दहा मिनिटे मळावे, नाहीतर पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि वाळताना भेगा पडतात. एक चमचा तेल घातले तर कणीक मऊ राहते, पण वाळवायची असेल तर तेल टाळलेलेच बरे. वाळवायची वस्तू एक सेंटिमीटरपेक्षा जाड नसावी. जाड वस्तू बाहेरून कडक होते, आत ओली राहते आणि काही दिवसांनी तिला बुरशीचा वास येऊ लागतो.

मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. त्यामुळे कोरड्या दिवसांत दगडासारखी झालेली प्रतिकृती दमट हवेत पुन्हा घामेजते आणि मऊ होते. सगळ्या बाजूंनी, तळालासुद्धा, वॉर्निशचा हात दिला तर हे बरेच लांबते, पण कायमचे टळत नाही. डोंगरदऱ्यांचा उठावाचा नकाशा, पानाचा किंवा शिंपल्याचा ठसा, पायाच्या बोटांचा ठसा अशा चपट्या आणि थोड्या दिवसांच्या कामांना ही कणीक उत्तम आहे.

मिठामुळे तिला आणखी एक गुण मिळतो: तिच्यातून वीज वाहते. पाण्यात विरघळलेल्या मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, हा प्रवाह वाहून नेतात. कणकेचे दोन गोळे थोडे अंतर ठेवून मांडावेत, दीड व्होल्टचे चार सेल असलेल्या खोक्याची एक तार एका गोळ्यात आणि दुसरी दुसऱ्या गोळ्यात खोचावी, आणि एलईडीचा लांब पाय धन तारेच्या गोळ्यात व आखूड पाय दुसऱ्या गोळ्यात बसवावा. दिवा लागतो. मग दोन्ही गोळे एकमेकांना टेकवावेत, दिवा विझतो, कारण प्रवाहाला दिव्यातून न जाता सोपी वाट मिळते. शॉर्टसर्किट म्हणजे काय हे यापेक्षा सोप्या रीतीने समजावता येईल असे मला वाटत नाही. त्याच मैद्यात मिठाऐवजी साखर आणि साध्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर घालून मळलेली कणीक प्रवाहाला जवळजवळ अडवते, तेव्हा ती दोन गोळ्यांच्या मध्ये भिंत म्हणून लावता येते. एलईडी सेलला थेट जोडू नये, तो जळू शकतो. वापर झाल्यावर तारांची टोके पुसून ठेवावीत, कारण मिठाने धातू गंजतो. आणि भिंतीतल्या सॉकेटमधील विजेशी या खेळाचा कधीही संबंध येऊ देऊ नये.

या कणकेला लोक निर्धोक समजतात, कारण ती स्वयंपाकघरातल्या वस्तूंची असते. परंतु तिचा मोठा गोळा पोटात गेला तर मीठ धोकादायक प्रमाणात जाते. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासून ती विशेष जपावी. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला मैद्याची कणीक देऊ नये, आणि विकतच्या मऊ रंगीत 'डो'मध्येही बहुधा गहू असतो हे लक्षात ठेवून डब्यावरचे घटक वाचावेत.

चिकणमाती आणि तिच्या भेगा

कुंभारकामाच्या मातीला हात लावला की मुले वेगळीच रमतात, आणि नदीचे खोरे, पाणलोट, जमिनीची धूप असे विषय खऱ्या मातीतच शिकावेत असे माझे ठाम मत आहे. पण तिचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. एकदा सात-आठ वर्षांच्या मुलांकडून मी प्लॅस्टिकच्या बाटलीभोवती मातीचे हृदय करून घेतले होते. संध्याकाळी ते फार सुंदर दिसत होते, आणि सकाळी प्रत्येक हृदयावर वरपासून खालपर्यंत भेग होती. कारण साधे होते. वाळताना पाणी निघून जाते आणि माती आकसते, आतली बाटली मात्र आकसत नाही, त्यामुळे ताण येऊन माती फाटते. दोष पूर्णपणे माझ्या निवडीचा होता, आणि रडवेल्या मुलांना तसे मी सांगितलेही.

आत आधार द्यायचाच असेल तर चुरगळलेल्या वर्तमानपत्राचा द्यावा, तो दबतो. जाडी सगळीकडे सारखी ठेवावी. दोन भाग जोडताना दोन्हींच्या कडा टूथपिकने ओरबाडून मध्ये मातीचा पातळ चिखल लावावा, नुसते दाबून चिकटवलेले हात-पाय वाळल्यावर गळून पडतात. काम अर्धे राहिले तर ओले फडके आणि वर प्लॅस्टिकची पिशवी. वाळवताना सावलीत, हळूहळू. सांडलेली वाळकी माती झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिच्या धुळीतील बारीक सिलिका फुप्फुसांना अपायकारक असते.

वजनाचाही विचार आधीच करावा. २० सेंटिमीटर व्यासाचा भरीव मातीचा गोळा सात-आठ किलोंचा भरतो. तो मुलाला उचलता येणार नाही. तेवढाच थर्माकोलचा गोळा शंभर ग्रॅमच्या आसपास असतो.

हलके साहित्य

कागदाचा लगदा किंवा गोंदात भिजवलेल्या कागदी पट्ट्यांचे काम मोठ्या पण हलक्या वस्तूंसाठी घ्यावे. दोन-तीन थर द्यावेत आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा चढवावा. ज्वालामुखीसाठी मी हेच सुचवते: मध्ये बाटली, भोवती कागदाचा डोंगर, आणि वरून वॉर्निश किंवा तैलरंग, कारण व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा ओतला जाणार आहे आणि उघडा कागद पहिल्याच उद्रेकात खचेल. खऱ्या ज्वालामुखीत आम्ल आणि सोडा नसतो, पण विरघळलेला वायू सुटून द्रवाला वर ढकलतो हे साम्य खरे आहे, आणि मुलाला दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

फोमसारखी हलकी क्ले हवेवर वाळते आणि वाळल्यावर स्पंजसारखी राहते. रेणूंच्या प्रतिकृतींना ती फार चांगली. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन यांच्यातील कोन १०४.५ अंशांचा असतो. तेलकट क्लेचे जड गोळे टूथपिकवरून घसरतात आणि तो कोन दुसऱ्या दिवशी भलताच झालेला असतो. हलकी क्ले काडीभोवती वाळून घट्ट बसते आणि कोन टिकतो.

थर्माकोल कापायला प्रौढ माणूस हवा, आणि त्यावर स्प्रे पेंट किंवा द्रावकाचा गोंद लावू नये, कारण थर्माकोल त्यात विरघळतो. पोस्टर कलर आणि पांढरा गोंद चालतो. त्याचे सुटणारे मणी नाका-तोंडात जातात आणि कचरा वर्षानुवर्षे राहतो, म्हणून विकत घेण्यापेक्षा एखाद्या यंत्राच्या खोक्यातून निघालेला तुकडा वापरावा.

हलणारी प्रतिकृती असेल, उदाहरणार्थ कोपराचा सांधा, तर कोणतीच क्ले घेऊ नये. दोन पुठ्ठे, मध्ये दुमडता येणारी पितळी पिन आणि स्नायूंच्या जागी दोरे हे साहित्य सांधा हलवून दाखवते. पेशीसाठी जेली लावायची असेल तर जिलेटिन उष्ण खोलीत वितळते, अगर-अगर (चायना ग्रास) टिकते, पण दोन्ही एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नयेत.

मुलांच्या हाती देऊ नये असे

प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात मिसळले की तापते, आणि जाड थर ६० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकतो. इंग्लंडमधील एका शाळेत २००७ साली एका विद्यार्थिनीने हातांचा साचा करण्यासाठी हात थेट प्लास्टरमध्ये बुडवले, ते घट्ट बसले आणि भाजल्यामुळे तिला जवळजवळ सर्व बोटे गमवावी लागली. त्यामुळे शरीराच्या कोणत्याही अवयवाचा साचा प्लास्टरने घेऊ नये. जीवाश्माच्या ठशासाठी ते वापरायचे असेल तर मोठ्या माणसाने मास्क लावून पाण्यात भुकटी सोडावी (दोन भाग भुकटी, एक भाग पाणी), क्लेमध्ये घेतलेल्या ठशात ओतावे, आणि मुलाने फक्त घट्ट झालेला दगड सोडवावा. उरलेले प्लास्टर सिंकमध्ये ओतू नये, ते नळीतच दगड होते. भांड्यातच वाळू द्यावे आणि कचऱ्यात टाकावे.

ओव्हनमध्ये भाजायची पॉलिमर क्ले पीव्हीसी या प्लॅस्टिकची असते. तापमान वाढले तर तिच्यातून हायड्रोजन क्लोराईड हा घातक वायू सुटतो. लहान मुलांच्या कामात तिची गरज पडत नाही.

पाण्यात फुगणारे मणी, बटणाएवढे सेल आणि छोटी शक्तिशाली चुंबके या तीन वस्तू प्रतिकृतीत कितीही शोभल्या तरी लहान भावंडे असलेल्या घरात आणू नयेत. गिळलेला मणी आतड्यात फुगतो, गिळलेला सेल अन्ननलिका दोन तासांत जाळू शकतो, आणि दोन चुंबके आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. तीन वर्षांखालील मुलांसाठी अमेरिकेत वापरली जाणारी कसोटी घरीही उपयोगी आहे: ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण बसणारी वस्तू त्यांच्या घशात अडकू शकते. जाड कागदाची तशी सुरळी करून ठेवावी आणि प्रत्येक मणी, गोटी, टोपण तिच्यातून पारखून घ्यावे.

वेष्टनावर युरोपचे 'ईएन ७१' मानक असेल तर ती वस्तू खेळण्यांच्या नियमांनुसार आहे असा दावा असतो. 'एएसटीएम डी-४२३६' असे लिहिलेले असेल तर त्या कला-साहित्याची दीर्घकालीन अपायांच्या दृष्टीने तपासणी होऊन त्यानुसार लेबल लावले आहे, एवढाच अर्थ घ्यावा. ते खाल्ले तरी चालते असा अर्थ दोन्हींचा नाही.

शेवटी निवड पक्की करण्यापूर्वी अंगठ्याएवढा नमुना करून पाहावा. त्याच पदार्थाचा, त्याच रंगाचा, त्याच गोंदाने जोडलेला तुकडा रात्रभर ठेवावा, आणि सकाळी मुलाला त्यावर नख दाबायला, पाण्याचा थेंब टाकायला आणि तो हलकेच वाकवायला सांगावे. त्याला काय दिसले ते त्यानेच वहीत लिहावे, आणि तो पदार्थ घ्यायचा की नाही हे त्या वहीवरून ठरवावे.